न दुखणारी जखम
(अंबाजोगाई येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कोणी डॉक्टरीण नव्हे. घरी घडले तेवढेच सांगायला उभी आहे.

माझ्या सासूबाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहून योगेश्वरीच्या दर्शनाला जाण्याचा त्यांचा नेम. एका वर्षी अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला. मी विचारले, "आत्याबाई, दुखतंय का?" म्हणाल्या, "छे गं, जरासुद्धा नाही." आम्ही हळद भरली नि निर्धास्त झालो. पंधरवड्याने अंगठा काळा पडला तेव्हा दवाखाना गाठला. अर्धे पाऊल काढावे लागले.

भगिनींनो, "दुखत नाही" यातच सारा घात होता! साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा, चटका काही कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, मग जखम भरत नाही. विडी-सिगारेटने त्या अधिकच आवळतात. ज्यांना पूर्वी जखम झाली, बोट गेले किंवा ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांना धोका सर्वांत जास्त. त्यात दिरंगाई झाली की पाय गेलाच म्हणावा. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. फडात पाचटाने पाय कापतो, आणि दवाखाना दूर असतो.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले, की बोटे झडतात ती न कळलेल्या जखमांमुळे. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती गेली की राखण आपण करायची.

म्हणून रोज सांजवात लावली, की घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. पाय कोमट पाण्याने धुवा, पण पाणी आधी हाताने पाहा. विटेचा शेक देऊ नका. कुरूप घरी ब्लेडने कापू नका. चप्पल झटकून घाला. घरातही अनवाणी नको. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. जखम, फोड, काळेपणा दिसला, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आपल्या गावी स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच.

सासूबाई आता देवळाच्या दारापर्यंत चप्पल घालून जातात. देवी रागावलेली नाही.