रंगभूमीवरून आलेले इंग्रजी शब्द
(आरोंदा येथील शिक्षक-सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



सन २००० पासून आपल्या राज्यात इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. ‘पर्सन म्हणजे व्यक्ती’ असे मुले एका सुरात म्हणतात; पण पाठ झालेला शब्द आपलासा झालेला नसतो. आठ दिवसांत तो विसरतो आणि त्याबरोबर मुलाचा धीरही खचतो. ज्याच्या घरी इंग्रजीचा गंध नाही, त्याला हा धीर शाळेनेच द्यावयाचा आहे.

नित्याचे कित्येक इंग्रजी शब्द प्राचीन ग्रीक व रोमन नाटकांच्या परिसरात जन्मले. आपली मुले तर दशावताराच्या मुलुखातली. त्यांना हे शब्द परके वाटण्याचे कारण नाही.

‘पर्सन’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘पर्सोना’, म्हणजे नटाचा मुखवटा. मुखवट्यावरून नाटकातील पात्र आणि पात्रावरून माणूस, असा अर्थ सरकत गेला. दशावतारातील गणपतीच्या मुखवट्यापासून हा पाठ सुरू करावा.

‘सीन’ म्हणजे मुळात ग्रीक ‘स्केने’, तंबू अथवा खोपटे. रंगस्थळामागील अशा आडोशाला नट वेष पालटीत. जत्रेच्या रात्री नट रंग लावतात ती जागा मुलांनी डोकावून पाहिलेली असतेच.

‘रोल’ म्हणजे कागदाची गुंडाळी. नटाची भाषणे तीवर लिहिलेली असत, म्हणून भूमिकेलाही तेच नाव पडले. आपल्या नाटकमंडळ्यांत नट ‘नक्कल’ पाठ करीत, तोच हा प्रकार. दशावतारी नट मात्र लिखित संहितेवाचून संवाद रचतो, हा भेद मुलांकडूनच काढून घ्यावा. हजेरीतील ‘रोल नंबर’ही याच गुंडाळीच्या कुळातला, नावांची यादीही पूर्वी गुंडाळीवरच असे.

वरच्या वर्गांसाठी ‘हिपोक्रिट’ घ्यावा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ केवळ नट. इंग्रजीत तो ढोंगी झाला. आपल्या ‘सोंग’ शब्दाची गत निराळी नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण कोणते मूल जाणत नाही? आणि ‘एक्स्प्लोड’ म्हणजे मुळात टाळ्या पिटून नटास रंगभूमीवरून हुसकावणे! तो गलका मागे राहिला आणि स्फोटाचा अर्थ पुढे आला.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ अर्थ हा आजचा अर्थ नव्हे. शब्दाचा आजचा वापर वाक्यातूनच शिकवावा. दुसरे, मराठी व इंग्रजी शब्दांची वाट सारखी दिसली म्हणून त्यांचे नाते जोडू नये. केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती सांगणे म्हणजे मुलांची फसवणूक होय. कोश पाहावा; कोशात न सापडल्यास गप्प राहावे.

आठवड्यास असा एकच शब्द पुरे. आधी मुलास बोलते करावे, मग फळ्यावर इंग्रजी शब्द लिहावा. आपल्या अनुभवातून अर्थ उमगला म्हणजे परकी भाषाही मुलाला वाकुल्या दाखवीत नाही. पुढील सभेस प्रत्येकाने वर्गात शिकवून पाहिलेला एक शब्द आणि त्यावर मुले काय बोलली याचे टिपण आणावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.