नळाचा सांधा



नळयोजनेच्या चर्चेत विहीर, पंप व टाकी यांना मान मिळतो. सांध्याला मात्र कोणी विचारीत नाही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून नळ घरोघर पोहोचू लागले आणि त्यांच्याबरोबर सांधेही वाढले. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीवरचे आटे बोल्टच्या आट्यांप्रमाणे सरळ नसतात. दर १६ इंचांस व्यास १ इंचाने घटावा, अशा प्रमाणात ते टोकाकडे निमुळते होतात. अर्धा इंची नळीवर दर इंचास १४ आटे असतात, तर एक इंचीवर ११. नळी सॉकेटमध्ये फिरत जाते तसतशी ती पाचरीसारखी आवळली जाते. तथापि एवढ्याने पाणी अडत नाही. आट्याचा माथा आणि समोरची खाच यांच्यामध्ये बारीक फट उरतेच व ती मळसूत्री वाटेने बाहेरपर्यंत पोहोचते. तागाचा धागा व लेप, किंवा टेफ्लॉनची फीत, ही वाट बुजविते. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या सफेद्याला पिण्याच्या पाण्याच्या नळीवर स्थान असू नये.

फीत आटे कसण्याच्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास ती सुटून गोळा होते. नळाचे तोंड सरळ करण्यासाठी पाना मागे फिरविण्याची खोड तर फारच रूढ आहे! दबलेली फीत पूर्ववत फुगत नाही, त्यामुळे फट पुन्हा उघडते. अशा वेळी सांधा उकलून नवी फीत लावावी. बेताबाहेर जोर लावल्यास प्लास्टिकचे सॉकेट तडकते, हेही ध्यानात असावे.

थेंब वाया जातो, एवढ्यावरच हे थांबत नाही. अनेक गावांत पाणी ठराविक वेळीच सुटते. पुरवठा बंद होऊन नळी रिकामी होऊ लागली की आत ओढ निर्माण होते. सांधा गटारालगत असेल, तर ज्या फटीतून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर झिरपले, तिच्यातूनच दुपारी सांडपाणी आत शिरते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या हंड्यात उतरते. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली, की टाकीतील क्लोरीन तपासले जाते; गटारातून गेलेली नळी क्वचितच कोणी उकरून पाहतो.

आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, म्हणून गंज तेथूनच धरतो. उघड्या आट्यांवर रंगाचा हात द्यावा. चर बुजविण्यापूर्वी पाणी सोडून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा आणि मगच मोजमाप पुस्तकात नोंद करावी.