शेरा लिहिण्यापूर्वी

मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. आमच्या व्यवसायात एक रीत आहे. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम वापरात जाण्यापूर्वी दुसऱ्याने वाचायचा आणि शेरे लिहायचे. याला आम्ही कोड रिव्ह्यू म्हणतो. आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी अशा तपासणीची शिस्तबद्ध पद्धत बसवली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली. तपासणीत सापडलेल्या चुकांवरून लिहिणाऱ्याची कामगिरी जोखू नये, असा त्यांचा आग्रह होता.

हे मी वाचलं होतं. अंगी बाणलं नव्हतं. नव्याने रुजू झालेल्या एका मुलीच्या कोडवर मी शेरा लिहिला, 'कॉलेजात हेच शिकवलं का?' तो सगळ्या टीमला दिसला. ती काही बोलली नाही. मात्र रोज थोडं थोडं काम दाखवणारी ती मुलगी पुढे पंधरा-पंधरा दिवसांचं काम एकदम पाठवू लागली. हजारेक ओळींचा असाच एक गठ्ठा मी वरवर चाळला आणि 'ठीक' लिहून मोकळा झालो.

चूक नेमकी त्यातच होती. ज्यांचा कर्जाचा हप्ता ३१ तारखेला असे, त्यांचा हप्ता ३० दिवसांच्या महिन्यात कापलाच गेला नाही. मे महिन्यात तक्रारी आल्या. मी तिला विचारलं, "तुला शंका आली नव्हती का?"

"आली होती, सर. पण विचारायची भीती वाटली."

मी ओशाळलो. शंका गिळायला तिला मीच शिकवलं होतं.

तेव्हापासून काही पथ्यं पाळतो. 'तू चुकलीस' असं न लिहिता, 'इथे ३१ तारीख आली तर काय होईल?' असं विचारतो. दुरुस्त करायलाच हवं असं काय आणि निव्वळ माझी आवड कोणती, हे वेगळं सांगतो. बदल सुचवला की कारण देतो. चांगलं दिसलं तर तेही लिहितो. दोनदा लिहूनही उलगडा झाला नाही, तर खुर्ची ओढून शेजारी बसतो. याचा अर्थ चुका पोटात घालायच्या असा नव्हे. हप्ता चुकत असेल, तर तो कोड पुढे जाऊ द्यायचा नाही, हे ठामपणे सांगावंच लागतं.

परवा त्याच मुलीने माझ्या कोडवर लिहिलं, 'सर, फेब्रुवारीत हे चालेल का?'

चालणार नव्हतं. मी तिचे आभार मानले आणि दुरुस्तीला बसलो.