पाया कच्चा, दोष कामगाराचा?

(कामगार शिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



नवे यंत्र आले की त्याला हार घालतात, नारळ फोडतात. त्याच्या खालचा पाया मात्र कोणी पाहत नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस, इंजिनियर नव्हे. पण वर्कशॉपमध्ये जे पाहिले तेच सांगतो.

यंत्राचा पाया घराच्या पायासारखा नसतो. घर आपले वजन टाकून स्वस्थ बसते, यंत्र हादरते. यंत्राच्या फेऱ्यांची गती आणि पायाची स्वतःची कंपनाची गती जवळजवळ आली, तर हादरा कित्येक पटींनी वाढतो. म्हणून यंत्राचे वजन, त्याची गती आणि खालची जमीन या तिन्हींचा हिशेब आधी करावा लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून खालचा घट्ट थर गाठावा लागतो. स्मिथ शॉपमधल्या घणाची ऐरण साधारणपणे पडत्या घणाच्या वीसपट वजनाची असते. तिच्याखाली लाकडाचे थर देतात आणि घणाचा पाया इमारतीच्या खांबांपासून मोकळा ठेवतात. भारतीय मानक 2974 मध्ये यंत्राच्या प्रकारानुसार हे नियम दिलेले आहेत.

आता अनुभव ऐका. एका वर्कशॉपमध्ये व्हील लेथ बसवायचा होता. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात. पण उद्घाटनाची तारीख ठरलेली! नवव्या दिवशी यंत्र चढवले, बोल्ट आवळले, फीत कापली. चार महिन्यांत बोल्टांभोवती तडे गेले. चाकांवर लाटा उठू लागल्या. चार्जशीट कोणाला? टर्नरला, काम निष्काळजीपणे केले म्हणून!

आम्ही युनियनतर्फे दोनच गोष्टी मागितल्या: पायाचे ड्रॉइंग आणि काँक्रीट ओतल्याची तारीख. क्यूब तपासल्याची नोंद नव्हती. बोल्टांच्या खाचांतले ग्राऊट पोकळ निघाले. चार्जशीट मागे घेतली गेली. पाया फोडून पुन्हा ओतला, आणि नऊ दिवसांत घाई करून वाचवलेला वेळ दुपटीने गेला.

म्हणून मित्रहो, तुमच्या शॉपमध्ये यंत्र येईल तेव्हा शाखेने तीन गोष्टींचा आग्रह धरावा. काँक्रीट ओतल्याची तारीख आणि क्यूबचा निकाल फलकावर लावावा. यंत्र चालू करण्यापूर्वी लेव्हल व बोल्ट कामगार प्रतिनिधीसमोर तपासावेत. आणि हादरा वाढला, बोल्ट सैल झाला, तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. टपाल खात्यातील बंधूंनाही हे लागू आहे. यंत्र लहान असो वा मोठे, त्याची नोंद आपल्या हाती हवी.

तोंडी तक्रार हवेत विरते, कागद राहतो. यंत्राला जसा पक्का पाया लागतो, तसाच आपल्या मागणीलाही लागतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!