नाळेतील रक्ताची ठेव



माणूस मूळचा कोठला, हे सांगताना त्याची नाळ अमुक गावी पुरली आहे असे म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. शिंदे सरकारच्या काळी ग्वाल्हेरीस आलेल्या महाराष्ट्रीय घराण्यांच्या कित्येक पिढ्यांच्या नाळा या लष्करच्या मातीतच पुरल्या गेल्या. जी वस्तू मातीआड करावयाची, तिच्यातील रक्त पैसे मोजून जपून ठेवावे, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी सुचविले असते तर घरातील वडीलधाऱ्या बायकांनी ते हसण्यावारी नेले असते. आज मात्र गरोदर स्त्रीच्या हाती तपासणीच्या कागदांबरोबर अशा पेढीचे रंगीत माहितीपत्रकही पडते.

हे सारे थोतांड आहे असे मात्र कोणी समजू नये. नाळेत व वारेत उरलेल्या रक्तात नवे रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन या विदुषीने फॅन्कोनी पांडुरोग झालेल्या एका पाच वर्षांच्या अमेरिकन मुलास नाळेतील रक्त दिले. तो बरा झाला आणि पुढे प्रौढही झाला. परंतु ते रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, त्याच्या धाकट्या बहिणीचे होते. माहितीपत्रकात ही गोष्ट बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

खरी मेख येथेच आहे. थॅलॅसेमियाचेच उदाहरण घ्या. फाळणीनंतर आपल्या शहरात स्थायिक झालेल्या सिंधी समाजात या रोगाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात, आणि आपल्यातही ते नाहीत असे नाही. ज्या बालकास हा रोग जन्मतःच आहे, त्याच्या नाळेतील रक्तातही तोच दोष असावयाचा. मग स्वतःची ठेव स्वतःस काय कामाची? भावंडाचे रक्त मात्र, जुळले तर, उपयोगी पडते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक इतका असतो. म्हणून घरात आधीच असा रोगी असेल, तर पुढील बाळंतपणी नाळेतील रक्त अवश्य राखावे, असे तज्ज्ञही सांगतात.

निरोगी कुटुंबाची गोष्ट वेगळी. स्वतःसाठी ठेवलेले रक्त उपयोगात येण्याचा संभव अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक असा मानला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्वतःच्या भावी उपयोगासाठी असा साठा करण्यास शास्त्रीय आधार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय एका नाळेतून मिळणारे रक्त थोडे. प्रौढ माणसास ते बहुधा पुरत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीस सातव्या महिन्यात अशाच एका प्रतिनिधीने गाठले होते. “उद्या बाळास काही झाले, तर पैसे वाचवल्याचे दुःख जन्मभर राहील,” असे तो म्हणाला. पती शिकाऊ कारकून. तरी हप्त्यांचा हिशेब करीत दोघे रात्रभर जागी राहिली. मातेच्या भीतीवर चालणारा व्यापार मला तरी सभ्य वाटत नाही. हेच रक्त कोणाही गरजूसाठी दान करण्याची सार्वजनिक व्यवस्था न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली उभी राहिली. आपल्याकडे पसारा वाढला तो मुख्यतः खासगी पेढ्यांचा.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती बिनखर्चाची आहे. मूल जन्मल्याबरोबर नाळ न कापता निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या अवधीत वारेतील रक्त बाळाच्या अंगात जाते, आणि पुढील काही महिने त्यास लोहाची उणीव कमी भासते. पेढीची पिशवी भरण्यासाठी घाई केली, तर बाळाच्या वाट्याचेच रक्त तिकडे जाते. कमलाराजा रुग्णालय असो वा एखादे खासगी सूतिकागृह, हे डॉक्टरीणबाईंना कळा सुरू होण्यापूर्वीच विचारून ठेवावे. त्या गडबडीत मग कोणाला काही सुचत नाही.