शिक्का आणि नोंद
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेच्या ऑफिसातले भाऊसाहेब आठवतात ना? दाखल्याची पडताळणी करायला कुणी आलं की ते शिक्क्याकडे बघतही नसत. आधी जनरल रजिस्टर काढायचे आणि दाखल्यावरचा नंबर शोधायचे. "शिक्का कुणीही मारील, नोंद दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी मी नेमकं तेच विसरलो. आईसाठी ऑनलाइन कुकर मागवला. दुकानाच्या पानावर 'खात्रीशीर विक्रेता' असा सोनेरी शिक्का होता, वर कुलपाचं चिन्हही होतं. पैसे आधीच भरले. कुकर आला तो पातळ पत्र्याचा, आयएसआय चिन्हाशिवाय. दिलेला फोन बंद. आई म्हणाली, "बँकेत लोकांच्या सह्या तपासायचास ना रे तू?"

मग शिकलो. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. सोनेरी शिक्का तर नुसतं चित्रही असू शकतं. तो देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ आपण स्वतः उघडावं आणि तिथे त्या दुकानाची नोंद शोधावी. आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते कळतं. दागिन्यावरच्या एचयूआयडीचंही तसंच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात जायचं तर आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दुकानच बोगस निघालं, तर क्षणही न दवडता १९३० लावा. मी लाजेपोटी चार दिवस गप्प बसलो आणि पैसे गेले ते गेलेच.

आपण सगळेच आता साठीत आलो. फसलो तर मुलांनाही सांगत नाही. निदान आपल्या या ग्रुपवर तरी सांगत जा. आणि पैसे भरण्याआधी भाऊसाहेबांचा प्रश्न एकदा विचारा : नोंद कुठे आहे?