कुलुपाची निगा



हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें कनेरगांव नाका हें गांव आहे. हैद्राबाद संस्थानच्या काळीं सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत. येणारा कोण व त्याच्याजवळ काय आहे, याची तेथें विचारपूस होई. संगणकांच्या जाळ्यांतही असाच एक नाका असतो. त्याची निगा कशी राखली जाते, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

या प्रश्नाचें महत्त्व मला उशिरां कळलें. शाळेंतील संगणकाचा परवलीचा शब्द आम्हां शिक्षकांनीं कार्यालयांतील कॅलेंडरवर लिहून ठेविला होता. एके वर्षीं एका मुलाचे गुण कोणीं तरी बदलले. संशय आला तो बिचाऱ्या शिपायावर. तो निरपराध होता असें मला आजही वाटतें. परंतु परवलीचा शब्द एकच, आणि तो सर्वांना ठाऊक! मग त्याचें निर्दोषत्व सिद्ध व्हावें कसें?

अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत 1983 सालीं सुरू झालेल्या अथीना प्रकल्पांतून यावर एक युक्ति निघाली. तिचें नांव कर्बेरॉस. ग्रीक पुराणांत हा पाताळाच्या दारावरील तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या ऋग्वेदांतही यमाचे चार डोळ्यांचे दोन श्वान आहेतच. या पद्धतींत परवलीचा शब्द जाळ्यावरून जातच नाहीं. मध्यवर्ती संगणक प्रत्येकाची ओळख पटवून त्याच्या नांवें ठराविक मुदतीचें तिकीट देतो, आणि त्याच्या आधारें पुढील प्रत्येक दारासाठीं निराळी चिठ्ठी मिळते. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत साधारणतः पांच मिनिटांहून अधिक अंतर असलें, तर आंत प्रवेश नाहीं!

परंतु कुलूप कितीही चांगलें असलें तरी तें जुनें होतें. कर्बेरॉसची पहिली भिस्त डी.ई.एस. या सांकेतिक लिपीवर होती. 1998 सालीं मुद्दाम बांधलेल्या एका यंत्रानें तिची किल्ली 56 तासांत शोधून काढिली. कर्बेरॉसमधून तिला रीतसर निवृत्त करण्यास मात्र 2012 साल उजाडलें.

ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड, म्हणजे तिचा मूळ हस्तलेख, सांभाळणाऱ्यांपुढें येथेंच खरा पेंच येतो. फ्रीबीएसडी या प्रणालींत स्वीडनमध्यें तयार झालेली कर्बेरॉसची हाइमडाल नांवाची आवृत्ति होती. तिचा 2012 सालचा 1.5.2 हा अवतार वर्षानुवर्षें तसाच राहिला. 2025 च्या 15.0 आवृत्तींत त्याच्या जागीं एम.आय.टी.ची आवृत्ति आली. ओपनबीएसडीच्या मंडळींनीं दुसरा मार्ग धरिला. गुंतागुंत फार आणि वापर थोडा, असें पाहून त्यांनीं 2014 सालीं कर्बेरॉस आपल्या मूळ संचांतून काढूनच टाकिलें. मला दोन्ही निर्णय प्रामाणिक वाटतात. निगा राखावी, नाहीं तर तें दार बंद करावें. गंजलेलें कुलूप लावून निश्चिंत झोपणें हें मात्र सर्वांत घातक.

हीं कामें करणाऱ्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नसतात. पण आपण निदान एवढें करूं या: घरांत वा कचेरींत ज्याचा परवलीचा शब्द त्याच्यापाशींच असूं द्या. आमच्या कॅलेंडरवर तो लिहिलेला नसता, तर एका गरीब माणसास मान खालीं घालून निवृत्त व्हावें लागलें नसतें. तें अक्षर माझें होतें.